येसूची जोड

कातळात हाताने भोक पाडायचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. दहा शेर वजनाची पहार दोन्ही हातांनी उचलायची, सरळ खाली सोडायची आणि पडता पडता मनगटाने जराशी फिरवायची. फिरवली नाही तर भोक गोल राहत नाही आणि पहार अडकून बसते. मध्ये मध्ये पाणी ओतायचं, लांब दांड्याच्या पळीने दगडाचा लगदा बाहेर काढायचा आणि पुन्हा उचलायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. मावळातल्या काळ्या कातळात दिवसाला चार फूट खाली गेला तो चांगला पहारकरी. पाच फूट गेला तर लोक त्याचं नाव विचारत.

येसू पाच फूट जायचा.

तो औंढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीचा. लोणावळ्याकडे धरणाचं काम निघालं तेव्हा, एकोणीसशे बारा साली, तो आणि त्याची बायको बायडा कामावर आले. दोघांनी पाट्या उचलल्या. वर्षभर त्याने फुटलेला दगड डोक्यावरून वाहिला. दुपारी पहारकरी भाकरी खायला बसले की हा त्यातल्या एकाची पहार उचलायचा आणि टाकून दिलेल्या धोंड्यावर घाव घालत बसायचा. शिकवलं कोणी नाही. तळहाताची कातडी दोनदा सोलून निघाली. तिसऱ्यांदा निघाली नाही. मुकादम दत्तोबा वडगावचा होता, बोलायला तुसडा पण मापाला चोख. त्याने एक दिवस येसूने पाडलेलं भोक गज टाकून मोजलं आणि दुसऱ्या दिवशी पाटीवाल्यांच्या रांगेतून त्याला बाहेर काढलं.

कामावर हजारावर माणसं. पाटीवाल्यांना "ए पाटी" म्हणून हाक असे, बाई असो की बाप्या. पहारकऱ्याला नावाने बोलावत. येसूला मिळालं ते एवढंच, आणि त्याला ते पुष्कळ होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात खैरुल्ला आला. पेशावरच्या पलीकडचा पठाण, चांगला उंच, बोलणं कमी. तिकडे कुठल्या तरी रेल्वेच्या कामावर त्याने सुरुंगांची भोकं पाडली होती. पहिल्या दिवशी तो पाच फूट आणि वर चार बोटं गेला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या कामावर झाली.

"येसू, तुजी जोड आली रं," लोक म्हणू लागले.

मावळात शब्द हाच. यात्रेच्या आखाड्यात ज्याच्याशी झुंजायचं ती आपली जोड. नांगराला जुंपलेले दोन बैल तीही जोडच. येसूला या शब्दात काही वावगं वाटलं नाही. पण कामावर निरनिराळ्या मुलखांचे लोक होते आणि जो तो आपल्या बोलीत विचारी. कोठारावर बसणारा गुजराती कारकून पाजवलेली पहार देताना हसून म्हणायचा, "केम येसू, तारो हरीफ शुं करे छे?" हरीफ म्हणजे प्रतिस्पर्धी. दगड घडवणाऱ्या वडारांचा म्होरक्या यल्लप्पा म्हणायचा, "आमच्यात ह्या चढाओढीला पोटी म्हनतेत. पोटी लागली की मानूस जेवत न्हाई." येसू सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि लगदा काढत राहायचा.

एकदा भाकरीच्या वेळी दत्तोबाने पठाणालाच विचारलं, मोडक्या हिंदुस्थानीत. "खान, तुम्हारे मुल्क में इस येसू को क्या बोलेगा?"

खैरुल्लाने थोडा विचार केला. "तर्बूर," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चाचा का बेटा."

सगळे हसले. "हा कधीपासून तुझा चुलतभाऊ झाला रे येसू?" यल्लप्पाने विचारलं.

पण पठाण हसला नाही. चुलत्याचा मुलगा म्हणजे कोण, ते त्याने हातांनी दाखवलं. एका हाताने जमिनीवर रेघ ओढली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मग दोन्ही हातांनी बंदूक धरल्यासारखं केलं. आजोबाच्या जमिनीत ज्याचा आपल्याइतकाच हक्क, तोच रेघेवरून बंदूक उचलतो. म्हणून तिकडे बरोबरीच्या वैऱ्याला चुलतभाऊ म्हणायचं.

"भाऊबंद," येसू म्हणाला. "आमच्यातबी त्योच उटतो. फकस्त बंदूक नसती."

दत्तोबाने ते पठाणाला सांगितलं. पठाणाने येसूकडे पाहून मान हलवली. दोघांचं त्या हिवाळ्यातलं बोलणं म्हणावं तर एवढंच.

बाकी सगळं कानाने चाले. दोघांच्या भोकांमध्ये वीस-पंचवीस हातांचं अंतर असे. येसू मान वर करत नसे, पण पठाणाची पहार त्याला सारखी ऐकू येई. नव्या जागी भोक धरताना पहार कातळावर घसरते, खणखण वाजते, पहिली वीतभर खोली पाडायला निम्मी सकाळ जाते. मग आवाज बसका होत जातो. पठाण कधी पाणी ओततो, कधी दम घेतो, कधी त्याची पहार बोथट झाली, हे येसूला न बघता कळायचं. त्याने दम घेतला की येसूला वाटे आपणही घ्यावा, आणि म्हणूनच तो घेत नसे. पठाणाचंही तसंच असावं, कारण त्या दिवसांत दोघेही साडेपाच फुटांच्या आसपास जायला लागले. एवढं खाली पूर्वी कोणी गेलं नव्हतं.

वैशाख संपत आला. दत्तोबाने दोघांना बोलावलं.

"पावसात उघड्यावरचं काम बंद. बोगद्यात नऊ पहारी लागतील. आठ नावं ठरली. नववं तुमच्या दोघांतलं एक. आजपासून सात दिवस मापं घेतो. सातांची बेरीज ज्याची जास्त तो आत. दुसऱ्यानं पाटी घ्यावी, नाहीतर गावाला जावं."

त्या संध्याकाळी बायडाने चुलीपाशी विचारलं, "हारलास तर काय हुतंय? पाटी लय जड हाय का? मी न्हाई उचलत?"

"जड न्हाई."

"मंग?"

"पाटीला कुनी नाव घिऊन हाक मारीत न्हाई."

"मला तरी कोन मारतंय?" बायडा म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

पण येसूने ठरवलेलं बदललं नाही. नवव्या पहारीची जागा त्याला पाहिजे होती.

सहा दिवस झाले. सहा दिवसांची बेरीज केली तेव्हा येसू तीन बोटं पुढे होता. सहा दिवसांत तीन बोटं. दत्तोबाने गज दोनदा टाकून पाहिला.

सातव्या दिवशी पहाट फुटता फुटता दोघे कातळावर आले. भोकं जिथे पाडायची तिथे आदल्या संध्याकाळी चुन्याचे ठिपके मारलेले असत. पण कालचा सुरुंग तिथेच उडाला होता, आणि सुरुंग उडाला तरी जुन्या भोकांचे तळ कातळात राहतात. कुठे चार बोटं खोल, कुठे आठ. अशा जुन्या भोकात पहार घालायची नाही, हातभर अंतरावर नवं भोक धरायचं, असा कामावरचा दंडक होता. कारण तळाला न पेटलेली दारू राहिलेली असली तर पहारीच्या एका घावाने ती उडते. आधीच्या वर्षी एका माणसाने अशा भोकात पहार घातली होती. त्याला ज्यांनी उचललं त्यांत येसू होता.

येसूने आपल्या ठिपक्यावर पहार धरली. खणखण सुरू झाली. पलीकडे पठाणाने पहार उचलली आणि सोडली.

धप.

येसूचा हात चालत राहिला. पुन्हा धप. खणखण नाही, घसरणं नाही. आधीच खाली गेलेल्या भोकाचा आवाज, आणि तोही पहिल्या घावाला. पठाणाने जुनं भोक धरलं होतं. आठ बोटं त्याला फुकट मिळाली होती. तीन बोटांचं अंतर त्याने उठल्या उठल्या भरून काढलं होतं.

येसूला हे सगळं दुसऱ्याच घावाला कळलं. तरीही तो थांबला नाही. त्याने आपली पहार उचलली, सोडली, फिरवली. मनात एकच चाललं होतं: मुकादमाला संध्याकाळी सांगावं, खोटं माप आहे म्हणून. मग जागा आपलीच. आणि त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं, ते त्याने तसंच दाबून धरलं. पठाणाचे घाव तो नेहमीसारखे मोजत होता. मोजायची सवयच होती. वीस. चाळीस. पठाणाने पाणी ओतलं नाही. कोरड्या भोकात, ठिणगी उडेल असे घाव पडत होते. साठ.

साठाव्या घावाला येसूने पहार टाकली आणि धावला. बोलायला शब्द नव्हते. "दारू! दारू!" एवढंच तो ओरडत गेला, आणि पठाणाने पहार वर उचललेली असताना त्याने त्या भोकावर आपला उजवा पाय ठेवला.

वर गेलेली दहा शेरांची पहार हवेत थांबत नाही. खैरुल्लाने ती बाजूला ओढली. येसूच्या पायाची करंगळी तेवढी गेली.

माणसं धावली. यल्लप्पा सगळ्यांच्या पुढे. "येडा झालास काय रं? पोटी लागली म्हनून कुनी पाय घालतंय? हारायच्या भ्यानं काम अडवतोस?"

येसू त्या भोकावर खाली बसला. पायाखालचा कातळ रक्ताने काळा झाला होता. "मी उटनार न्हाई," तो म्हणाला. "मुकादमाला बोलवा."

दत्तोबा आला. त्याने भोक पाहिलं, चुन्याचा ठिपका पाहिला, पठाणाच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळ्यांना मागे हटवलं. सुरुंग भरणारा माणूस आला. त्याने भोकात पाणी भरलं, बराच वेळ मुरू दिलं आणि लाकडी काठीने तळ हळूहळू उकरून काढला. गाळ निघाला. वाळू निघाली. दारू निघाली नाही. भोक रिकामं होतं.

"बोट गेलं आनि भोक रिकामं!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसले.

येसूच्या पायाला बायडा फडकं बांधत होती. तो मान वर न करता म्हणाला, "रिकामं हाय हे आता कळलं. तवा कुनाला ठावं हुतं?"

मग हसणं थांबलं.

खैरुल्ला दत्तोबापुढे जाऊन उभा राहिला. तो जे बोलला ते दत्तोबाने सगळ्यांना मराठीत सांगितलं, कारण पठाणाने तसं सांगायला लावलं. जुनं भोक आहे हे त्याला माहीत होतं. अंधुक होतं, मुकादम नव्हता, कोणी बघत नव्हतं. आठ बोटांचा मोह झाला. बघत कोणी नव्हतं हे खरं, पण हा माणूस ऐकत होता, हे तो विसरला. आपलं सात दिवसांचं माप धरू नये. जागा येसूला द्यावी.

दत्तोबाने ऐकून घेतलं. मग येसूच्या पायाकडे बोट केलं.

"याला महिनाभर उभं राहता यायचं नाही. बोगद्यात परवा माणूस लागतो. माप चुलीत गेलं. खान आत जाईल."

येसूने हरकत घेतली नाही. दत्तोबाचं चूक नव्हतं.

संध्याकाळी पठाण त्यांच्या खोपटाशी आला. हातात कापडात बांधलेली कसली तरी चरबी होती, जखमेला लावायला. ती बायडाला देऊन तो दारातच बसला. मग येसूच बोलायला लागला, आपल्या बोलीत, समोरच्याला त्यातलं अक्षर कळत नाही हे माहीत असून.

"खान, मला पैल्या घावाला कळलं हुतं. दुसऱ्याला तर पक्कंच. मी गप बसलो. तू मेला असतास तर मी आत गेलो आसतो, ह्येबी माज्या मनात आलं. मी साठ घाव गप बसलो."

पठाणाने मान डोलावली, जशी माणूस दुखणाईताचं बोलणं ऐकताना डोलावतो, आणि उठून गेला.

बायडा चुलीशी होती. "साठ?"

"साठ."

"मोजलंस?"

"मोजल्याबिगर ऱ्हातोय व्हय?"

तिने ताटात भाकरी वाढली आणि त्याचा पाय उशाच्या गाठोड्यावर नीट ठेवला. हे साठ घाव त्या दोघांखेरीज कोणालाही पुढे बरीच वर्षं कळले नाहीत.

पाय भरून आल्यावर येसूने पाटी घेतली. बोगद्याच्या तोंडाशी दगडाचा ढीग पडे तो वाहून टाकायचा. खैरुल्लाने भोक पाडायचं, सुरुंग उडायचा, आणि फुटलेला दगड येसूच्या डोक्यावर यायचा. "ए पाटी" ही हाक त्याने पावसाचे चारही महिने ऐकली. एकदाच तसं झालं नाही. बोगद्यातून बाहेर येताना खैरुल्लाने त्याला पाहिलं, थांबला, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने "येसू" म्हणून हाक मारली. काम काही नव्हतं. हाक मारून तो पुढे निघून गेला.

दसऱ्यानंतर त्याच्या मुलखातला एक माणूस निरोप घेऊन आला. खैरुल्लाने दत्तोबाकडे रजा मागितली. का, असं विचारलं तर त्याने जमिनीवर रेघ ओढली आणि पुसून टाकली. चुलतभावाने जमीन दाबली होती. निघताना त्याने येसूच्या छातीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच धरला. तिकडे पुढे काय झालं ते इकडे कधी कळलं नाही.

नववी जागा येसूला मिळाली. दत्तोबाने त्याच दिवशी त्याच्या हातात पहार दिली. संध्याकाळी गज टाकला तर साडेचार फूट.

"पाय अजून धरत नाही वाटतं," दत्तोबा म्हणाला.

पाय धरत होता. येसूला कारण माहीत होतं. हात दमले की ते थांबत होते, आणि थांबले की थांबूनच राहत होते. कारण पलीकडे चालणारी दुसरी पहार ऐकू येत नव्हती. दुसरे आठ पहारकरी होते, चांगले होते, पण त्यांचे घाव त्याला मोजावेसे वाटत नव्हते. त्याने नेटाने काम केलं. पाच फुटांवर पुन्हा आला. साडेपाचावर कधी आला नाही.

धरण पुरं झालं. लोक पांगले. येसूने पहार सोडली नाही. मावळात विहिरी खणायची कामं होती; कातळ लागला की लोक येसूला बोलावणं धाडत. वडगावपासून खाली नवलाख उंबरे गावापर्यंत त्याने कितीतरी विहिरी फोडल्या. बायडा दोरावर असे. त्याचं नाव आता लोक विचारत नसत, कारण सगळ्यांना ते माहीत होतं.

छत्तीस-सदतीस सालची गोष्ट. लोणावळ्याला एका म्हाताऱ्या मास्तरांनी घर बांधलं, त्यांची विहीर येसूकडे होती. मास्तर दुपारी काठावर खुर्ची टाकून बसत आणि त्याला बोलतं करत. खैरुल्लाची गोष्ट त्यांनी अशीच काढून घेतली. साठ घावांसकट. मास्तरांना शब्दांचा नाद होता.

"तुझ्या त्या पठाणाला इंग्रजीत रायव्हल म्हणतील," ते म्हणाले. "मूळ शब्द फार जुना. एकाच ओढ्याचं पाणी घेणारे दोन काठांवरचे लोक."

येसूने विहिरीच्या तळाशी साठलेल्या पाण्याकडे बघितलं. "पान्यावरनं भांडान व्हनारच की," तो म्हणाला.

"संस्कृतात सपत्न. सवतीवरून आलेला शब्द. सवतीसारखा वागतो तो."

दोर धरून उभी असलेली बायडा वरून म्हणाली, "म्हंजी बायकांचं दुखनं बाप्यांनीबी घेतलं म्हना की, मास्तर!"

मास्तर खळखळून हसले. मग म्हणाले, "आणि उर्दूत रकीब. अरबीत त्याचा पहिला अर्थ राखण करणारा. डोळ्यात तेल घालून नजर ठेवणारा."

येसूची पहार थांबली. "राखन करनारा?"

"हो. राखणदार."

"साठ घाव उशिरा," येसू म्हणाला. त्याने भोकात पाणी ओतलं आणि पुन्हा पहार उचलली.

बायडा त्रेचाळीस साली गेली. त्यानंतर दोरावर दुसरी माणसं आली, पण येसू खाली उतरतच राहिला. पंचेचाळीस साली त्याने शेवटची विहीर घेतली, नवलाख उंबऱ्याला, भिमाजी नावाच्या शेतकऱ्याची. तेव्हा त्याचं वय साठीच्या आत-बाहेर. दिवस कलला तेव्हा भिमाजी खाली उतरला, त्याने गज टाकला आणि तोंडात बोट घातलं. साडेतीन फूट. त्या वयाला, त्या कातळात.

"आबा, लय झालं! चला आता वर. इतकं ह्या गावात कुनी ज्वान गडी जात न्हाई."

येसूने गज त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः टाकला. बोटांनी माप धरलं.

"साडेपाचाला दोन फूट कमी हाय," तो म्हणाला.

"कमी? कुनापरीस?"

येसूने पळी भोकात घालून लगदा काढला, दगडावर झटकला, हात कोरडे केले आणि पहार उचलली. भिमाजी शिडीवर एक पाय ठेवून थांबला होता. विहिरीच्या भिंतींवरून घावांचा आवाज परत येत होता. येसू प्रत्येक घावानंतर क्षणभर थांबत होता, जसं कोणी पलीकडची पहार ऐकायला कान देतं. मग पुढचा घाव घालत होता. दिसेनासं झाल्यावर तो वर आला.